‘येते’ म्हण

आमच्या घरात कुणी ‘जाते’ म्हणत नाही. दुकानात निघालं तरी ‘येते’, शाळेत निघालं तरी ‘येतो’, आणि मागे राहिलेल्यानं ‘ये’ म्हणायचं, मगच पाय उंबऱ्याबाहेर टाकायचा. तुमच्याही घरात हेच असेल. लहानपणी चुकून ‘जातो’ म्हटलं की आई तिथल्या तिथं थांबवते, ‘येतो म्हण’ म्हणून. का, ते कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

माझ्या मुलीनं हे मोडलं. शरूनं. मोडलं ते मोडलं, वर तो शब्द नेमका एका मशीनच्या कानात पडला. तिथून पुढं जे झालं ते सांगते. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा, मला त्याचं काही घेणं-देणं नाही.

मी हेमलता भिलारे. पाचगणीच्या पुढं, स्ट्रॉबेरीच्या मळ्यांत एक जुनं कोल्ड स्टोरेज आहे, तिथं मी माल निवडायला होते. मग उन्हाळे असे काही वाढले की आमच्या डोंगरावरसुद्धा स्ट्रॉबेरी धड धरेना, निम्मं स्टोरेज ओस पडलं. आणि त्या ओस पडलेल्या निम्म्यात समुद्र आला. थट्टा नाही. खाली कोकणात किनाऱ्याचं पाणी इतकं तापायला लागलं की तळाचं प्रवाळ पांढरं पडून मरायला लागलं. तेव्हा काही शास्त्रज्ञांनी ठरवलं, जेवढं वाचलंय तेवढं उचलून डोंगरावर न्यायचं. वर हवा थंड, इमारत थंड. पाण्याचं काय, तर समुद्राचं मीठ पोत्यांतून येतं, मापानं कालवलं की झाला समुद्र. ‘सागरबीज केंद्र’ अशी पाटी लागली. मी आयुष्यात समुद्र बघितला एकदाच, लग्नानंतर गणपतीपुळ्याला, आणि तीच मी आता त्याच्या टाक्या घासायला लागले.

शरू बारावीच्या सुट्टीत माझ्याबरोबर आली आणि तिथंच चिकटली. तिचा जीव जडला एका समुद्रफुलावर. समुद्रफूल म्हणतात, पण फूल-बीळ काही नाही, प्राणी आहे तो. खाली एक जाड पाय, त्यानं दगडाला धरून बसायचं. वर मधोमध तोंड, आणि तोंडाभोवती बोटाएवढे हातच हात, पाण्यात सारखे हलत असलेले. मेंदू नाही, डोळे नाहीत, कान नाहीत. मालवणच्या समुद्रातून आणलेलं हे एवढं एकच जगलं होतं. डॉक्टर म्हणाले, “हा जीव म्हातारा होत नाही. सांभाळला तर किती जगेल ते कुणालाच सांगता येणार नाही.” हे ऐकून शरूनं लगेच त्याचं नाव ठेवलं, म्हातारी. सगळं उलटंच त्या पोरीचं.

डॉक्टर म्हणजे यतीन केळशीकर. माणसांचे नाहीत, समुद्राचे डॉक्टर. राहायला पुण्यात, इकडं येऊन-जाऊन. एकदा ते बॅटरीवर चालणारी एक डबी घेऊन आले आणि म्हातारीच्या दगडाखाली एक बारीक जाळी बसवायला लागले. आम्ही मायलेकी बघत उभ्या.

“हिला मेंदू नाही, पण अंगभर मज्जातंतूंचं जाळं आहे,” डॉक्टर सांगायला लागले. त्यांना सांगायला आवडतं. “उजेड वाढला, पाणी तापलं, भूक लागली, की त्या जाळ्यातून विजेची बारीक लहर जाते. प्रत्येक वेळची लहर वेगळी. ही जाळी ती ओळखते. आता त्या लहरींना नावं कोण देणार? आकडे दिले तर तुम्ही दिवसभर पडद्याकडे बघत बसाल. म्हणून हे यंत्र तुमचं बोलणं ऐकेल. अमुक लहर चालू असताना टाकीपुढं कोण काय बोलतं, ते शिकत राहील. शिकून झालं की मी त्याचं तोंड उघडीन. मग तीच लहर आली की ते तुमचेच शब्द बोलेल, तुमच्याच आवाजात.”

“म्हणजे म्हातारी बोलणार?” शरूचे डोळे मोठे झाले.

“म्हातारी नाही गं, यंत्र. आणि त्यालाही अर्थ कळत नाही. कुकरला कळतं का, शिट्टी कशाची ते?”

“म्हणजे पोपट,” शरू म्हणाली. झालं, सगळं केंद्र त्याला पोपट म्हणायला लागलं.

पोपट पुढं दोन वर्षं नुसता ऐकत बसला. काय काय ऐकलं असेल त्यानं! मी कोळंबीचे तुकडे करताना करवादायची ते, भरवताना ‘भूक लागली का गं’ म्हणायची ते, आणि शरूची तर अखंड टकळी. संध्याकाळची पाळी तिचीच असायची. टाकीवरचा दिवा फट्कन बंद करायचा नसतो, सूर्य मावळतो तसा हळूहळू उतरवायचा असतो. तेवढं करायचं आणि बापाच्या टपरीवर पळायचं. आमच्या ह्यांची, अंकुशची, रस्त्याला टपरी आहे. मक्याची कणसं, सीझनला स्ट्रॉबेरी-क्रीम, आणि बारा महिने चहा.

मे महिन्यातली गोष्ट. दुपारी वळीव आला, गारांसकट. झाडं पडली, तारा तुटल्या, लाइट गेली. जनरेटरनं थोडा वेळ घरघर केली आणि मान टाकली. गारा वितळल्या आणि जी वाफ सुटली म्हणता, पत्र्याखाली जीव नकोसा झाला. टाक्यांचं पाणी तापायला लागलं. आम्ही शेजारच्या निम्म्यातून, स्ट्रॉबेरीच्या बाजूनं, बर्फाच्या पिशव्या आणून टाक्यांत सोडत होतो. मोठ्या टाक्या जरा दम धरतात. म्हातारीची टाकी लहान.

आणि नेमकं तेव्हा शरूला निघायचं होतं. डॉक्टरांचं पथक समुद्रात बुड्या मारायला शिकवायला मुलं नेत होतं मालवणला, वाईवरून गाडी. तिनं परस्पर नाव दिलं होतं. मी आधीच धुमसत होते.

“लाइट आल्यावर जा,” मी म्हणाले.

“मग गाडी चुकेल, मम्मी.”

“चुकू दे. डोंगरातली पोर समुद्रात उड्या मारायला निघालीय. आणि बाहेर रस्ता बघ, नुसता राडा झालाय.”

“तू मुद्दाम करतेस हे.”

“हो, मुद्दाम! हा बर्फ काय तुझा बाप टाकणार?”

ती टाकीपुढं उभी होती. पिशवी खांद्याला, हेल्मेट हातात. म्हातारीनं अंग आवळून घेतलं होतं, तोंड उघडं पडलं होतं, असं आम्ही कधीच बघितलं नव्हतं. शरूनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि एक-एक अक्षर सुटं करून म्हणाली, “जाते मी.”

माझे हात शेजारच्या टाकीत, कोपरापर्यंत बर्फाच्या पाण्यात. मी ओरडले, “शरे, येते म्हण!”

म्हणाली नाही. दार आपटलं आणि स्कूटीचा आवाज गेला. पसरणी घाटात, तिसऱ्या का चौथ्या वळणावर, ओल्या रस्त्यावर गाडी घसरली आणि समोरून भाजीचा टेम्पो आला. त्यापलीकडं मला सांगायचं नाही.

तेरावं झालं आणि मी कामावर गेले. भावकीत कुजबुज झाली, बाईला काळीज आहे का म्हणून. घरी बसून काय करणार होते? ह्यांनी तोंडाला कुलूप लावलेलं, घरात दोन भिंती आणि आम्ही दोघं.

म्हातारी पांढरी झाली होती. रुईचं बोंड फुटून ती म्हातारी उडते ना वाऱ्यावर, तशी. हात बारीक झालेले, अंग असं की आरपारचा दगड दिसत होता. मला वाटलं मेली.

“मेली नाही, उपाशी आहे,” डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी ते माझ्या डोळ्यांना डोळा देत नव्हते. “हिच्या कातडीत एक बारीक शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न बनवतं आणि हिला देतं, ही त्याला घर देते. पाणी तापलं की तेच शेवाळ विष सोडायला लागतं. मग ही त्याला बाहेर फेकते. तपकिरी रंग सगळा त्या शेवाळाचा होता. आता ही रिकामी आहे.”

“आणि भरायची कशी?”

“सावकाश. उजेड अगदी मंद ठेवायचा, कारण अंगावर शेवाळाची सावली नाही, हिला उजेड भाजतो. पाणी एका ठरलेल्या थंडाव्याला. कोळंबीचा भुगा चिमट्यानं तोंडाजवळ धरायचा, घेतला तर घेतला. थोडं शेवाळ अंगात उरलं असेल तर परत वाढेल. पण फार जगत नाहीत, हेमाताई. तुम्ही नाही म्हणालात तर मी दुसऱ्या कुणाला...”

“मी करते.”

“मग पोपटाचं तोंड उघडतो. शिकून झालंय त्याचं. हिला काय होतंय ते तुम्हाला ऐकू येईल.”

त्यांनी काहीतरी दाबलं. मी मंद दिवा लावला, चिमट्यात भुगा धरला. म्हातारीनं अंग आवळलं. आणि टाकीखालच्या डबीतून शरू म्हणाली, “जाते मी.”

चिमटा हातातून कधी पडला, आठवत नाही. आवाज म्हणजे तिचाच, घशातला राग तसाच, ‘जाते’तला ‘ते’ जरा ओढलेला. डॉक्टर पांढरेफटक. त्यांना तो शब्द कुठला ते ठाऊक नव्हतं. मी सांगितलं.

मग ते म्हणाले, “म्हातारीला त्या दिवशी झालं तसं कधीच झालं नव्हतं. ती लहर पोपटानं पहिल्यांदाच ऐकली. ती लहर शिगेला होती तेव्हा टाकीच्या अगदी तोंडाशी एकच वाक्य बोललं गेलं. म्हणून त्या लहरीचं नाव तेच पडलं. जीव चालला की हे यंत्र ते म्हणणार. मी पुसून टाकतो ते.”

“हात लावायचा नाही,” मी म्हणाले. इतकी जोरात म्हणाले की पलीकडच्या रांगेतल्या बायका डोकावल्या.

“निदान मग रेकॉर्डिंग म्हणून तुम्हाला काढून देता आलं असतं तर... पण ते रेकॉर्डिंग नाही. लहर येते तेव्हाच आवाज घडतो. लहर नाही तर आवाज नाही.”

मला रेकॉर्डिंग नकोच होतं. फोनमध्ये शरूचे ढीगभर व्हिडिओ आहेत. ते कधीही लावा, ती तेच बोलते, तसंच हसते. झालेलं आहे ते. हा आवाज आत्ता येत होता. कुणालातरी आत्ता काहीतरी होत होतं, म्हणून येत होता.

मी म्हातारीची सेवा केली, मनापासून केली. पाण्याचा थंडावा बघायचा, मीठ बघायचं, दिव्यावर कापड बांधायचं. भुगा भरवताना निम्म्या वेळा ती तोंडच उघडायची नाही. सुरुवातीला पोपट दिवसातून कितीदातरी ‘जाते’ म्हणायचा आणि मी दर वेळी म्हणायची, “येते म्हण गं. येते म्हण.” पाऊस लागला, धुकं दारातून आत यायला लागलं, पत्र्याखाली दिवसासुद्धा संध्याकाळ वाटायची. त्या अंधुक उजेडात ती पांढरी म्हातारी हलायची आणि माझी पोर बोलायची. मला भीती वाटत होती का? वाटत होती. पण भीतीपोटी कुणी पोरीला सोडून घरी जातं का?

श्रावणाच्या सुमाराला तिच्या हातांच्या टोकांना पिवळट छटा आली. शेवाळ परतत होतं. त्या दिवशी मी चिमटा पुढं केला आणि पोपट माझ्याच आवाजात खेकसला, “भूक लागली का गं? घे, मेले, घे!” तिनं भुगा ओढून घेतला. मला हसू फुटलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

आणि मग लक्षात आलं, सकाळपासून शरू बोललेली नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभर नाही. म्हातारी बरी होत होती आणि शरू गप्प होत चालली होती. मी रोज त्या टाकीपुढं कान लावून बसायची आणि काय ऐकायची, तर माझीच करकर. पोपट झाला माझा, खरोखरचा पोपट झाला.

एका संध्याकाळी सगळ्या गेल्यावर मी दिव्यावरचं कापड सोडलं. नुसतं बघते म्हटलं. मग बटण जरा वर फिरवलं. मग आणखी जरा. म्हातारीच्या नुकत्या रंग आलेल्या अंगावर पांढरा लख्ख उजेड पडला. ती थरथरली, हात आखडायला लागली, तोंड उघडं पडलं.

“जाते मी.”

“आलीस?” मी म्हणाले. बघा, काय म्हणाले मी. “आलीस बाई?”

लगेच दिवा उतरवला. पुन्हा करायचं नाही म्हणून स्वतःला बजावलं, आणि पुन्हा केलं. दिवसा सेवा करायची, संध्याकाळी भाजायची. सकाळी तिचा रंग उतरलेला दिसला की स्वतःला शिव्या घालायची आणि संध्याकाळ झाली की हात आपोआप बटणाकडं. त्यात मी एक युक्ती काढली होती. मरू द्यायचं नाही आणि बरंही होऊ द्यायचं नाही. मधोमध धरून ठेवायचं. तिथं शरू होती.

घरी उशीर व्हायला लागला. ह्यांनी कधी विचारलं नाही. एक दिवस आपलेआपण आले. शरू गेल्यापासून केंद्रात पाऊल टाकलं नव्हतं माणसानं. हातात छत्री, कपड्यांना कणसाच्या धुराचा वास. माझ्या मागं कधी येऊन उभे राहिले, मला कळलंच नाही. मी बटण फिरवलेलं होतं.

“जाते मी,” पोपट म्हणाला.

मागं छत्री पडली. मी वळले. ह्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

“ह्ये काय हाय?”

मी सगळं सांगितलं. लहर, पोपट, दिवा, सगळं. वाटलं, बापच आहे, बसेल माझ्याशेजारी. म्हटलं, “ऐकायचंय परत? थांबा, जरा वर करते.”

त्यांनी माझा हात धरला. इतकी वर्षं झाली लग्नाला, कधी असा धरला नव्हता. दुखलं मला.

“हेमा, ती एकदा गेली. तू हितं रोज मारतीयस तिला.”

“मी मारत नाही! मी ऐकते फक्त.”

“मरताना ऐकतीयस. पोरगी आपली दिवसभर टकाटका बोलायची, आन् तू तिचं कुठलं बोलणं धरून बसलीस? जाते म्हणाली त्येवढंच?” त्यांचा आवाज फाटला. “मला न्हाई ऐकायचं. मला ती माहितीय, ह्ये न्हाई ती.”

आणि रडले. उभ्याउभ्या, लहान पोरासारखे, बाहीत तोंड घालून. अंत्यविधीला रडले नव्हते. मी दिवा उतरवला. तेव्हा बघितलं, म्हातारीचा पाय दगडावरून सुटला होता. ती पाण्यात तिरकी तरंगत होती, आणि पोपट थांबत नव्हता. जाते मी. जाते मी. जाते मी.

डॉक्टरांना मी स्वतः फोन केला. ते सकाळी पहिल्या गाडीनं आले. टाकीत वाकून बघितलं आणि म्हणाले, “असं व्हायला नको होतं. सुधारत होती. उजेड कुणी...”

“मी वाढवला.”

“चुकून?”

“तिचा आवाज ऐकायला.”

“किती वेळा?”

“मोजलं नाही.”

रागावतील असं वाटलं. चष्मा काढून डोळे चोळत बसले नुसते. मग म्हणाले, “त्या गाडीत मी तिची वाट बघत बसलो होतो, हेमाताई. वाईला. बाकीची मुलं म्हणत होती, निघूया. मी म्हटलं, येईल ती.” थोड्या वेळानं ते उठले. “पुसून टाकू का ते वाक्य?”

“नको. दिव्याला कुलूप लावा. किल्ली तुमच्याबरोबर पुण्याला न्या.”

त्यांनी लावलं. मग शेजारच्या रांगेतल्या एका तपकिरी समुद्रफुलाचा एक हात कापला, तो परत फुटतो त्यांना. त्याचा लगदा केला. त्यात त्याचं शेवाळ होतं. मी म्हातारीला जाळीच्या टोपलीत दगडाशी धरून ठेवलं आणि तो लगदा तिच्या तोंडात सोडला. डॉक्टर म्हणाले, घेईल असं नाही. बराच वेळ काही झालं नाही. मग एक बारका हात वळला आणि तोंडाकडं गेला. “घे, मेले,” मी म्हणाले, आणि या वेळी मी खरोखर तिलाच म्हणत होते.

पुढचं सगळं हळूहळू. पायानं दगड धरला. टोकं पिवळट झाली, मग मधासारखी, मग तपकिरी. शरू बोलायची बंद झाली ती झालीच. मी मनाची तयारी केली होती, तरी त्या गप्प टाकीपुढं उभं राहायला फार जड जायचं. एक-दोनदा दिव्याचं कुलूप ओढूनही बघितलं. खोटं कशाला बोलू.

थंडी पडली, मळ्यांत थोडीफार स्ट्रॉबेरी लाल झाली. डॉक्टर आले, म्हातारीला खालून-वरून बघितलं, आणि मे महिन्यानंतर पहिल्यांदा हसले. “पूर्ण बरी झाली. आता हिला मंद उजेडात ठेवायचं कारण नाही. दिवसाचा उजेड द्या आणि संध्याकाळी पूर्वीसारखा सावकाश उतरवा. समुद्रातल्यासारखा.” कुलूप काढून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. “भीती वाटते?”

“वाटते,” मी म्हणाले. “पण द्या.”

त्या संध्याकाळी मी टाकीपुढं एकटी होते. बाहेर धुकं उतरलेलं. बटणाला हात लावला. पण या वेळी उलटीकडं फिरवायचं होतं. उजेड पिवळा झाला, मग तांबूस. दिवसभर उजेड पिऊन तृप्त झालेली म्हातारी एक-एक हात आत घ्यायला लागली, घाई नाही, त्रास नाही. मे महिन्यापासून तिनं अशी संध्याकाळ बघितलीच नव्हती.

“येते गं म्हातारे,” शरू म्हणाली. “मम्मी, येते!”

हसत म्हणाली. निघायची घाई असायची ना, तशी.

दोन वर्षं रोज हेच तर म्हणायची ती दिवा उतरवताना. पोपट रोज ऐकत होता. ते याच लहरीचं नाव होतं, आणि मी जाणूनबुजून ती लहर येऊच देत नव्हते. माझ्या घशात ‘ये’ आला होता. पण मी तोंड उघडायच्या आत टाकीतून एक बाई ओरडली, मोठ्यानं, पलीकडच्या रांगेतून ओरडावं तशी. “ये गं! पप्पांना चहा ठेवायला सांग, मी आलेच!”

कोण ही, म्हणून मी मागं वळून बघितलं. हॉल रिकामा. मग कळलं, मीच ती. पोरगी जिवंत असतानाची मी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ह्यांना घेऊन गेले. यायला तयार नव्हते. “मरण न्हाई ना ऐकवणार परत?” म्हणाले. मी म्हटलं, या तर. मी दिवा उतरवला. म्हातारीनं हात आत घेतले. शरूनं ‘येते’ म्हटलं, मी ‘ये गं’ म्हटलं, पप्पांना चहा ठेवायला सांगितला. हे तसेच उभे. कमरेच्या फडक्याला हात पुसत राहिले.

“रोज ठेवायचो की,” शेवटी म्हणाले. “यायची तवा उकळत असायचा.” मग टाकीजवळ वाकले आणि हळूच म्हणाले, “ये बाळा.”

घरी चालत निघालो. धुक्यात रस्ता दिसत नव्हता. बरंच पुढं गेल्यावर त्यांनी विचारलं, “ही म्हातारी किती जगती गं?”

“मरतच नाही म्हणतात. सांभाळली तर.”

मग म्हणाले, “मग आपल्या माघारी तिला ‘ये’ कोण म्हणंल?”

“मीच म्हणेन की,” मी म्हणाले. “टाकीतून. रोज संध्याकाळी.”

ते थांबले, माझ्याकडं बघितलं, आणि माझा हात धरून टपरीकडं वळले. स्टोव्ह पेटवून त्यांनी चहा ठेवला.